सत्काराचा डबा

रूपाच्या डोळ्याची खालची पापणी मी अंगठ्यानं ओढली आणि आत पाहिलं. कागद बरा, इतकं पांढरं. पोरीला सातवा महिना होता. बोट टोचून रक्त तपासलं, तर मशीनवर हिमोग्लोबिनचा आकडा आला पाच पूर्णांक नऊ. निदान अकरा तरी हवं. मशीनवर माझा फारसा विश्वास नाही म्हणून दुसरं बोट टोचलं. पुन्हा तेच.

चौथ्या महिन्यात हिचं नऊ होतं. मी माझ्या हातानं तिला लोहाची पहिली लाल गोळी दिली होती. बायका गोळी जिभेखाली धरतात आणि बाहेर जाऊन थुंकतात, म्हणून समोर गिळायला लावून "आ कर" म्हणायची माझी जुनी सवय आहे. जीभसुद्धा उचलायला लावते. मग ती माहेरी पाचोऱ्याला गेली आणि परवा परत आली.

"गोळ्या घेतेस ना? लिंबाच्या पाण्याबरोबर? चहाबरोबर नाही ना?"

रूपानं सासूकडे पाहिलं. सासू म्हणजे लिलाबाई, आमच्या गावची आशाताई. चौदा वर्षं माझ्याबरोबर घरोघर फिरलेली बाई, आणि आज उपकेंद्राच्या खिडकीबाहेर बघत उभी होती. बाहेर बघण्यासारखं एक कडुनिंबाचं झाड होतं फक्त.

"त्या बंद कर्‍यात," रूपा हळूच म्हणाली. "मयमय व्हये, नि संडास कायी व्हये."

"अगं, थोडं मळमळतंच, आणि काळीच होते ती. सांगितलं होतं ना? मग काय घेत होतीस?"

"पावडर."

लिलाबाईनं खांद्यावरच्या पिशवीतून डबा काढला. ज्या सरकारी पिशवीतून ती गावाला गोळ्या वाटायची, त्याच पिशवीतून. सोनेरी झाकण, वर धावणारी बाई. कंपनीचं नाव घ्यायचीही मला किळस येते, म्हणून घेत नाही. झाकण उघडलं आणि चॉकलेटचा गोडसर, चिकट वास खोलीभर झाला. फिनेलचा वास परवडला.

"सिस्टर, रागे भरू नका," लिलाबाई म्हणाली. "यामा सत्तावीस व्हिटॅमिन शेतस. गोयीमा एक-दोनच."

मी चष्मा लावून डब्याच्या मागची मुंगीएवढी अक्षरं वाचली. सत्तावीस नावं होती खरी. पण एका चमच्यात लोह इतकं, की कोंबडीला पुरलं नसतं. बाकी साखर, पिठी आणि रंग.

मग माझा तोल गेला. "लाज नाही वाटली तुला? गावातल्या पोरींना गोळ्या वाटतेस आणि घरच्या पोरीला हा भुसा पाजलास? चौदा वर्षं काय शिकलीस माझ्याकडून?"

ती रडली नाही. तिनं पिशवीच्या आतल्या कप्प्यातून एक रंगीत कागद काढला, घडी उलगडली आणि टेबलावर ठेवला.

"तुमना फोटो शे ना यावर," ती म्हणाली. "तुम्ही सांगं म्हनीसन माहेरले जातांना संगे दिधी मी."

कागदावर मी होते. खांद्यावर शाल, हातात तोच डबा, आणि चेहऱ्यावर असं हसू की थोबाडीत मारावी.

जानेवारीत समाजमंदिरात महिला मेळावा झाला होता. सरपंच प्रेमराजभाऊ स्वतः बोलवायला आले. "सिस्टर, तुमचा सत्कार ठेवलाय, नाही म्हणायचं नाही." बत्तीस वर्षं नोकरी झाली माझी. नदीला पूर असताना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बाळंतपणं केली. खात्यानं कधी गुलाबाचं एक फूल दिलं नाही. तिथे शाल, नारळ, टाळ्या. मी हुरळले, सरळ सांगते. युवराज नावाचा एक टायवाला होता, आधी तो ठिबकच्या नळ्या विकायचा, आता आरोग्य विकतो. शाल पांघरून झाल्यावर त्यानं डबा माझ्या हातात ठेवला. "मॅडम, छोटीशी भेट. जरा इकडे बघा."

सत्कारात दिलेली वस्तू कोणी परत करतं का? आपल्याकडे नारळ नको म्हणणाऱ्याला शिष्ट समजतात. मी इकडे बघितलं. मग दोन शब्द बोलायला लावले, तेही बोलले. गरोदर बाईला लोह लागतं, रक्त त्यावर बनतं. फॉलिक ॲसिड लागतं, बाळाचा कणा त्यावर. हाडांना कॅल्शियम. या गोळ्या आपल्या उपकेंद्रात फुकट मिळतात, त्या नेमानं घ्या. खोटं एक अक्षर नव्हतं.

कागदावर माझ्या फोटोखाली माझंच वाक्य छापलं होतं : 'गरोदर बाईला लोह लागतं.' शेजारी बाण, आणि बाणाच्या टोकाला डबा. उपकेंद्राचं वाक्य तेवढं गाळलं होतं.

आणि आणखी एक गोष्ट आहे, ती मी त्या दिवशी लिलाबाईला सांगितली नाही. घरी येऊन मी माझा डबा उघडला होता. वास घेतला तेव्हाच कळलं होतं मला हे काय आहे ते. पावडर मोरीत ओतली, डबा घासला आणि त्यात शेंगदाणे भरले. गावात कुणाला काही बोलले नाही. शाल मिळाली होती ना.

रूपाला गाडीत घालून आम्ही जळगावला मोठ्या दवाखान्यात नेलं. वाटेत एरंडोल येईपर्यंतच तिला कळा सुरू झाल्या. लिलाबाई तिचे पाय धरून बसली होती, मी सलाईनची बाटली धरून. दवाखान्यात तीन बाटल्या रक्त दिलं. रूपा वाचली. मुलगी होती, ती सकाळपर्यंत होती.

दुसऱ्या दिवशी मी युवराजला फोन केला. नंबर त्या कागदावरच होता.

"मॅडम, फार वाईट वाटलं ऐकून," तो म्हणाला. आवाज अगदी मऊ. "पण आपण ते औषध म्हणून देतच नाही. अन्नपूरक आहे ते. डब्यावर लिहिलंय तसं. आणि गोळ्या बंद करा, असं आपण कुठे म्हटलंय?"

"माझा फोटो काढा त्यावरून."

"हो हो, पुढच्या छपाईत बघतो. पण मॅडम, तुम्ही हसून दिलाय फोटो."

मी फोन ठेवला आणि हात धुतले. साबणानं, दोनदा.

मग गावात फिरले. पाच घरांतून डबे गोळा केले. बेबाबाईच्या घरात तो कागद चुलीमागच्या भिंतीला खळीनं चिकटवला होता. ओढला तर अर्धाच निघाला. शाल आणि डबा हातात आले, हसणारं तोंड भिंतीवरच राहिलं. नखानं खरवडत बसले, तर बेबाबाई म्हणाली, "राहू द्या ना सिस्टर, तुम्हीच शेतस त्या." त्या शब्दांनी मला जास्तच घाण वाटली, स्वतःची.

लिलाबाईनं आशाची पिशवी उपकेंद्राच्या दाराला अडकवून ठेवली आणि पुन्हा आली नाही. मी ती उचलून आत ठेवली. कुणाला कळवलं नाही. काय कळवणार होते, आणि कुणाबद्दल?

अकराव्या दिवशी मी रूपाकडे गेले. बाळंतपणानंतरही सहा महिने गोळी घ्यायची असते, ती द्यायला. लिलाबाई आत भांडी घासत होती. मला पाहून भांड्यांचा आवाज थांबला, पण ती बाहेर आली नाही. रूपा उंबऱ्याशी येऊन बसली. अंगावर दूध येत होतं, पदराखाली ओलं झालेलं मला दिसलं. पिणारं कोणी नव्हतं.

मी लिंबू पिळलेल्या पाण्याची बाटली घरूनच आणली होती. पाकीट फोडून लाल गोळी तिच्या तळहातावर ठेवली. तिनं ती उलटसुलट करून पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं.

"हाई तरी खरी शे ना, सिस्टर?"

बत्तीस वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. हजारो गोळ्या दिल्या. बायका थुंकल्या, उकिरड्यात टाकल्या, पण खरी का म्हणून कोणी विचारलं नाही. सांगायला माझ्याकडे पुष्कळ होतं. मी दुसरी गोळी फोडली, माझ्या जिभेवर ठेवली आणि वर पाणी प्यायले.

ती माझ्या गळ्याकडे बघत राहिली, गोळी खाली उतरेपर्यंत.

"आ करा," ती म्हणाली.

मी आ केला. जीभही उचलून दाखवली.