माझा दोष, डिस्कला शिक्षा

मी एक जुनी केबल आहे. मित्रांनो, कॉम्प्युटरच्या डब्यात हार्ड डिस्कवरची माहिती इकडून तिकडे न्यायची, एवढंच माझं काम. पण मला बसवणाऱ्याला कोण घाई! त्याने मला कचकन दुमडलं आणि वरून झाकण दाबलं. माझी आतली एक तार तेव्हाच दुखावली. बाहेरून मात्र मी धडधाकट दिसते, आणि सगळा घोळ तिथेच आहे.

कॉम्प्युटर आजोबांचा. ते अकरा वर्षं रोज सकाळी गच्चीवर जाऊन पक्ष्यांचे आवाज रेकॉर्ड करून त्यात साठवत आले. पहिल्या तीन वर्षांनंतर फायली उघडेनात. "डिस्क गेली," असं त्यांच्या जावईबापूंनी जाहीर केलं. ठणठणीत डिस्क भंगारात गेली आणि तिच्यासोबत तीन वर्षांचे आवाजही गेले. नवी डिस्क आली. ती कुणाला जोडली? मलाच! मी कपाळ बडवून घेतलं असतं, पण केबलला कपाळ नसतं.

पुढची आठ वर्षं मी कसंबसं रेटलं. मग पुन्हा तेच रडगाणं सुरू झालं. एव्हाना आजोबांना कमी ऐकू येऊ लागलं होतं. कान साथ देताहेत तोवर कुठला आवाज कुणाचा हे त्यांना लिहून ठेवायचं होतं.

"ही डिस्कही भिकार निघाली. पुसून टाकू सगळं," जावईबापू म्हणाले.

"अहो, माझी आठ वर्षं आहेत त्यात!" आजोबांनी डबाच कवटाळला. मला फार लाज वाटली.

शेवटी दुरुस्तीवाल्या ताई आल्या. "डिस्कला हात लावू नका. आधी केबल बदलून बघते," त्या म्हणाल्या. त्यांनी मला काढलं, नवी केबल लावली आणि फायली पटापट उघडल्या. आजोबा स्पीकरला कान लावून बसले. "ही चिमणी. पिल्लाला दटावतेय," म्हणाले आणि डोळे पुसू लागले.

"ही जुनी फेकून द्या हं," असं बजावून ताई गेल्या. जावईबापूंनी मला उलटसुलट करून पाहिलं. "छे, चांगली तर दिसतेय. असू दे, लागेल कधीतरी." आणि मला ड्रॉवरमध्ये चांगल्या केबलींच्या गुंत्यात टाकलं.

मित्रांनो, इतर वस्तू तुम्हाला सांगतात, आम्हाला जपा. मी हात जोडून सांगते, मला जपू नका! आत्ताच ड्रॉवर उघडलाय. आजोबांची नात मला उचलून म्हणतेय, "आजोबा, दुसरी डिस्क जोडून तुमच्या आवाजांची एक प्रत करून ठेवते. ही बघा, केबल सापडली!"

अगं पोरी, मला नको! कात्री आण, कात्री!