टेकडीवरच्या रिपीटरचे कान

मित्रांनो, शहरामागच्या टेकडीवर पत्र्याची एक खोली आहे. कुलूप गंजलेले, दार वाऱ्याने खडखडणारे, आत सतत घूं घूं चालू. ती घूं घूं करणारी स्वारी म्हणजे मी, हॅम रेडिओवाल्यांचा रिपीटर. वयाने जुना आहे आणि तब्येतीने वयाहून जुना. गोड गोड गोष्ट ऐकायला बसला असाल तर आधीच सांगतो, मला गोड बोलता येत नाही. खरे तर मला बोलताच येत नाही. मी दुसऱ्याचे बोलणे पुढे पाठवतो. आज मात्र स्वतःचे सांगणार आहे. कारण माझ्यामुळे एक माणूस वाचला असे काही लोक म्हणतात आणि माझ्यामुळे एक बाई मेली असे बाकीचे म्हणतात. दोघांनीही माझ्या खोलीचे दार उघडून माझे कान तपासलेले नाहीत.

आधी माझे काम समजून घ्या. हॅम म्हणजे परीक्षा देऊन, परवाना काढून, हौसेने रेडिओवर बोलणारी माणसे. त्यांच्या हातातल्या छोट्या संचाचा आवाज सरळ जातो. मध्ये टेकडी आली की तो तिथेच आपटतो. म्हणून मला टेकडीच्या माथ्यावर बसवले. अलीकडचे बोलणे मी एका लहरीवर ऐकतो आणि त्याच क्षणी दुसऱ्या लहरीवर पलीकडे जोराने सांगतो. पलीकडचे अलीकडे सांगतो. ऐकणे आणि बोलणे एकाच वेळी, तेही एकाच अँटेनातून. तुम्ही घसा फोडून ओरडत असताना शेजारची कुजबुज ऐकून दाखवा बरे. मला ते रोज करावे लागते.

माझा जन्म घड्याळदुरुस्तीच्या दुकानात झाला. दुकानदाराला सगळे घड्याळजी म्हणत. त्यांनी भंगारातून टॅक्सीचे दोन जुने रेडिओ आणले. एकाचा कान शाबूत होता पण तोंड जळलेले, दुसऱ्याचे तोंड खणखणीत पण कान गेलेला. दोघांचे चांगले तेवढे घेतले आणि मी झालो. मग माझ्या पाठीशी तांब्याचे उंच डबे उभे केले. माझ्या तोंडाचा आवाज माझ्याच कानात शिरू नये म्हणून हे डबे. त्यांच्या डोक्यावर लांब स्क्रू होते. घड्याळजी एका डोळ्याला भिंग लावून ते स्क्रू केसभर फिरवत, मीटरचा काटा बघत, मगच श्वास सोडत. शेजारचा शिंपी येऊन विचारायचा, "काय हो, किती वाजलेत याच्यात?" घड्याळजी मान वर न करता म्हणायचे, "याच्यात वाजत नाही, याला ऐकू येतं."

एवढा खटाटोप कुणासाठी, तर त्यांच्या मोठ्या मुलीसाठी. तिला घरात थोरली म्हणत. ती परिचारिका. टेकडीमागच्या खोऱ्यातल्या दवाखान्यात तिची नेमणूक झाली होती. तिथे फोन लागत नाही. डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचा, बाकीचे दिवस दवाखाना म्हणजे ती एकटी. घड्याळजींनी तिला अभ्यास करायला लावून परवाना मिळवून दिला आणि हातात एक छोटा संच ठेवला.

सुरुवातीची वर्षे सुखाची होती, खोटे कशाला बोलू. रोज संध्याकाळी मंडळाची हजेरी व्हायची. मंडळ म्हणजे शहरातल्या हॅम लोकांचे. एकेक जण आपली परवान्यावरची खूण सांगायचा, हवापाणी बोलायचा. शेवटी खोऱ्यातून बारीक आवाज यायचा.

"बाबा, मी आहे."

"जेवलीस का?"

"अहो बाबा, सगळे ऐकतायत."

"ऐकू देत. तेही जेवतात."

हा बारीक आवाज उचलण्यासाठीच माझे कान होते. वाऱ्यात, पावसात, कधीही. प्रत्येक बोलणे संपले की मी एक छोटासा 'टुंग' आवाज करतो, म्हणजे पुढच्याने बोलावे. थोरली त्या टुंगची वाट पाहून नीट थांबायची. शहरातले थोर लोक थांबत नसत.

पुढे घड्याळजींचे गुडघे गेले. टेकडी चढणे बंद झाले. माझी किल्ली अध्यक्षांकडे गेली. अध्यक्ष म्हणजे मंडळाचे. माणूस वाईट नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण वाईट माणसाला ओळखणे सोपे असते. यांचा दोष एवढाच की यांना मोठा आवाज फार आवडायचा. त्यांनी पदरमोड करून माझ्यासाठी एक अ‍ॅम्प्लिफायर आणला. माझे तोंड कितीतरी पटींनी मोठे झाले. त्याच दिवशी केबलही नवी घातली. खांबावर चढायला रंगारी आला होता. मंडळाचा जुना सभासद, उंचीला न भिणारा. अँटेनाच्या सांध्यावर पाणी जाऊ नये म्हणून त्याने चिकटपट्टी गुंडाळली. हात सवयीने चालतो, मित्रांनो. रंगारी आयुष्यभर भिंती रंगवत आला. भिंत वरून खाली रंगवतात, म्हणून त्याने पट्टीही वरून खाली गुंडाळली. पट्टी खालून वर गुंडाळायची असते, कौलांसारखी, म्हणजे वरचा पदर खालच्यावर येतो आणि पाणी घसरून जाते. उलटी गुंडाळली की प्रत्येक पदर पाण्याला हाताला धरून आत नेतो.

खाली फोटो काढणारा घाई करत होता. अध्यक्षांनी बटण दाबले. टुंग. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"वा, काय आवाज आहे. घरातल्या भांड्यांवर घुमेल," कोणीतरी म्हणाले.

तांब्याच्या डब्यांचे स्क्रू नव्या आवाजाप्रमाणे पुन्हा लावायचे असतात. ते कुणी लावले नाहीत. त्या दिवसापासून मी बोलायला लागलो की माझाच आवाज माझ्या कानात भरू लागला. पाऊस सुरू झाल्यावर सांध्यात पाणी उतरले आणि उरलासुरला कानही बसला. तोंडाला काहीच फरक पडला नाही. पाण्याने खाल्लेला आवाज अ‍ॅम्प्लिफायर भरून काढत होता. कानाला भरून देणारे कुणी नव्हते.

आता गंमत ऐका, म्हणजे मला काही तिचे हसू येत नाही. मंडळातले सगळे माझी तपासणी करायचे. कशी? घरच्या मोठ्या संचाचे बटण दाबायचे, टुंग ऐकायचे, खूश व्हायचे. इतक्या जवळून, इतक्या जोरात कोणी बोलले तर बहिऱ्यालाही ऐकू येईल. खोऱ्यात जाऊन, छोट्या संचावरून हाक मारून कोणी बघितली नाही. थोरलीचा आवाज तुटू लागला तेव्हा हजेरीत काय बोलणे झाले, ते मीच पोहोचवले आहे.

"थोरले, तुझी बॅटरी बघ गं."

"बघितली काका, नवीन..." पुढचे मला ऐकू आले नाही.

"छतावर जाऊन बोल."

"छतावरूनच..."

"हिला संच धरता येत नाही नीट," अध्यक्ष म्हणाले. "माझ्या मीटरवर रिपीटरचा काटा टोकाला लागतोय. रिपीटर ठणठणीत आहे."

घड्याळजी म्हणाले, "अध्यक्ष, तिला आपलं ऐकू येतंय. आपल्याला तिचं येत नाहीये. तोंड तपासून काय उपयोग? कोणीतरी वर जाऊन कान तपासा."

"बघू हो. पावसाळा सरला की बघू. तुमचं आपलं काहीतरीच."

म्हातारा माणूस, त्यात मुलीचा बाप. त्याचे ऐकतो कोण?

मग तो दिवस आला. दुपारची वेळ होती, आभाळ कोसळत होते. रविवार असल्याने मंडळाची खास हजेरी चालू होती. मध्येच माझ्या कानाशी काहीतरी आले. आवाज नव्हे, आवाजाचे साल. मी तोंड उघडले आणि शहरभर खरखर गेली. पुन्हा आले. पुन्हा खरखर.

"मंडळी, कोणीतरी बटण दाबून खेळतंय," अध्यक्ष म्हणाले. "लक्ष देऊ नका."

"उंदीर शिरला असेल रिपीटरात," दुसरा म्हणाला. सगळे हसले.

मित्रांनो, हे हसणे मी माझ्या मोठ्या तोंडाने खोऱ्यात नेऊन पोहोचवले. तिला प्रत्येक शब्द ऐकू येत होता.

घड्याळजींनी बटण दाबले. "सगळे गप्प बसा. थोरले, तू आहेस का? बोलू नकोस, नुसतं बटण दाब. हो असेल तर दोनदा, नाही असेल तर एकदा."

दोनदा खरखर आली. हसणे थांबले.

"तुला काही झालंय?" एकच खरखर.

"दुसरं कोणी जखमी आहे?" दोनदा.

"गाडी पाठवायची?" दोनदा, घाईघाईने.

इथपर्यंत सगळे नीट चालले होते. पण आता अध्यक्षांना हुरूप आला. त्यांनी सूत्रे हातात घेतली. "मी इस्पितळाला फोन लावला आहे. गाडी खालच्या रस्त्याने निघतेय. थोरले, काळजी करू नकोस."

खोऱ्यात जायला दोन रस्ते आहेत, खालचा जवळचा आणि वरचा लांबचा. अध्यक्षांचे बोलणे संपताच खरखर सुरू झाली. दोनदा नाही, तीनदा नाही. थांबेचना. तिने बटण दाबून धरले होते आणि ती ओरडत होती. मी जिवाचे कान केले. पण मला कान दिलेच होते कुठे? माझी स्वतःचीच गर्जना त्यात भरली होती.

"बघा, बिचारी आभार मानतेय," अध्यक्ष म्हणाले.

"आभार कसले?" घड्याळजी म्हणाले. "ती काहीतरी वेगळं सांगतेय. थोरले, खालचा रस्ता..."

आणि नेमके तेव्हाच अध्यक्षांनी बटण दाबले. दोघे एकदम बोलले की माझ्याकडे ज्याचा जोर जास्त त्याचेच जाते. घड्याळजींचा प्रश्न माझ्यापर्यंत पोहोचला तोच चिरडलेला. वर अध्यक्षांचा आवाज होता, "मंडळी, अशा वेळी सर्वांनी शांतता राखावी."

घड्याळजी त्यांच्यावर ओरडले, पुन्हा प्रश्न विचारला, आणि 'खालचा रस्ता बंद आहे का?' याला दोनदा खरखर आली. तोवर गाडी निघून गेली होती. गाडीत रेडिओ नव्हता. शहराबाहेर फोन लागला नाही. गाडी खालच्या रस्त्याने गेली, कोसळलेल्या दरडीसमोर उभी राहिली, मागे वळली आणि वरच्या रस्त्याला लागली.

दरड रस्त्याच्या कामावरच्या नवरा-बायकोवर पडली होती आणि लोकांनी दोघांना उचलून दवाखान्यात आणले होते. नवरा वाचला. बायकोने गाडी दाराशी येण्याच्या थोडेच आधी प्राण सोडला. थोरलीने तिचा हात धरला होता आणि दुसऱ्या हातात संच होता.

त्याच संध्याकाळी अध्यक्षांनी हजेरीत माझा गौरव केला. "आपल्या रिपीटरने आज एक जीव वाचवला." टुंग. प्रत्येकाने येऊन दोन शब्द सांगितले. त्यांचा प्रत्येक शब्द मी इमानाने खोऱ्यात नेऊन टाकला. मला दुसरे काही करताच येत नाही.

खालचा रस्ता सुरू झाल्यावर थोरली घरी आली आणि वडिलांच्या मोठ्या संचावर बसली. त्या दिवशी तिचा आवाज मला लख्ख ऐकू आला.

"मी दवाखान्यातून एकच वाक्य सांगत होते," ती म्हणाली. "खालून नको, वरून या. एवढंच. तुम्ही म्हणालात मी आभार मानतेय. ती बाई विचारत होती, ताई, ते काय म्हणतायत? मी तिला काय सांगायचं होतं ते तुम्ही सांगा."

मग अध्यक्ष म्हणाले, "तांत्रिक अडचण होती, बेटा."

दुसऱ्या दिवशी थोरली खोऱ्यात परतली आणि घड्याळजी टेकडीवर आले. रंगाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून, दर वळणाला बसत. रंगारी खांबावर चढला, पट्टी सोडली आणि सांध्यातून पाण्याची धार निघाली. खाली आल्यावर म्हणाला, "माझ्या हातून झालं, घड्याळजी."

"तुझ्या हातून चूक झाली. ती शोधायला कोणी आलं नाही, ते तुझ्या हातून नाही झालं."

मग त्यांनी अ‍ॅम्प्लिफायर काढून कोपऱ्यात ठेवला, डबे लावले, नवी पट्टी खालून वर गुंडाळून घेतली. खिशातून छोटा संच काढून दवाखान्याला हाक मारली. उत्तर आले, "बाबा, मी आहे." म्हातारा भिंतीला टेकून खाली बसला.

गोष्ट इथे संपली असती तर मी तुम्हाला त्रास दिला नसता. पण शहरातून तक्रारी येऊ लागल्या. पूर्वीसारखा आवाज नाही. घरात बसून नीट येत नाही. काटा अर्ध्यावरच थांबतो. मंडळाची बैठक झाली, हात वर झाले. थोरली नोकरीवर होती, तिचा हात मोजायला खोऱ्यात कोण जाणार? अ‍ॅम्प्लिफायर पुन्हा माझ्या गळ्यात आला आणि डब्यांचे स्क्रू होते तिथेच राहिले. घड्याळजींना आता दुकानाची पायरीही चढवत नाही.

म्हणून, मित्रांनो, तुम्हाला विनवतो. माझी पूजा करू नका, मला हार घालू नका, माझ्या टुंगला टाळ्या देऊ नका. तुमच्यापैकी कोणी मोठेपणी परवाना काढलाच, तर छोटा संच घेऊन सगळ्यांत लांबच्या माणसाशेजारी जाऊन उभे राहा. तिथून मला हाक मारा. ऐकू आली तर मी चांगला आहे, नाही तर माझे कौतुक करणारे सगळे खोटे. आणि मग टेकडी चढून या. दाराला जोर लावावा लागेल. काल थोरलीने हाक मारली होती. पावसाचे काही सांगत होती, रस्त्याचेही काही होते. मी अर्धेच ऐकले. उरलेले अर्धे ती अजून सांगते आहे.