हजेरी क्रमांक अडतीस

तपासनीस साहेबांनी बावीस वर्षांत चारशेच्या वर शाळा तपासल्या होत्या, पण एकाही वर्गात ते वीस मिनिटांच्या वर टिकले नव्हते. आत शिरायचं, भिंतीवरच्या तक्त्यांवरून नजर फिरवायची, पहिल्या बाकावरच्या चुणचुणीत पोराला सोपासा प्रश्न घालायचा, शेरा लिहायचा, चहा घ्यायचा, की निघाले. त्यामुळे वरून जेव्हा हुकूम आला, की उच्च प्राथमिकच्या एका वर्गात सोमवार ते शनिवार बसून तिथे खरोखर काय शिकवतात ते पाहा, तेव्हा त्यांनी तो कागद दोनदा वाचला. सहा दिवस? एका बाकावर?

सोमवारी सकाळी ते सहावीच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसले. बसले म्हणजे अडकले. गुडघे बाकाखाली मावेनात, म्हणून त्यांनी ते एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे ठेवून पाहिले. शेजारी एक मुलगी होती. तिला सगळा वर्ग खोडरबर म्हणायचा, कारण ती लिहायची त्यापेक्षा जास्त खोडायची.

"काका, तुम्ही माझ्या हद्दीत आलात," ती म्हणाली, आणि बाकावर पेन्सिलीने रेघ ओढली.

वर्गाच्या बाई काटकुळ्या होत्या, आवाजही बेताचाच, पण त्यांनी हजेरीपट उघडला की पंखासुद्धा हळू फिरल्यासारखा वाटायचा. छत्तीस झाला, सदतीस झाला. मग बाई म्हणाल्या, "अडतीस."

पोरांनी माना वर केल्या. पट तर सदतीसचाच होता.

"अडतीस, मी तुमच्याशी बोलतेय. हजर आहात की नाही?"

साहेब आजूबाजूला बघू लागले. खोडरबरने त्यांना कोपराने ढोसलं. "बाई, मी तपासणीला आलोय," साहेब म्हणाले.

बाईंनी टेबलाच्या खणातून एक परिपत्रक काढलं आणि शांतपणे वाचलं. "वर्गात बसलेल्या प्रत्येकाची नोंद हजेरीपटात झालीच पाहिजे. यास कोणताही अपवाद केला जाणार नाही." मग त्यांनी कागद पुढे धरला. "खाली सही कोणाची आहे?"

सही साहेबांचीच होती. तीन वर्षांपूर्वी हे वाक्य सुचलं तेव्हा 'कोणताही' हा शब्द त्यांना विशेष आवडला होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"हजर," साहेब म्हणाले.

मधल्या सुट्टीत मुख्याध्यापक स्वतः चहाचा कप घेऊन धावत आले. बाईंनी त्यांना दारातच अडवलं. "विद्यार्थ्यांना वर्गात चहा मिळत नाही, सर." मुख्याध्यापकांनी एकदा साहेबांकडे पाहिलं, एकदा बाईंकडे, आणि चहा स्वतःच पिऊन टाकला.

मंगळवारी अपूर्णांकांचा भागाकार होता. बाईंनी फळ्यावर लिहिलं : पाऊण मीटर फीत आहे, तिचे एक अष्टमांश मीटरचे तुकडे किती होतील? "अडतीस, उठा."

साहेब उठले. म्हणजे बाक घेऊनच उठले, मग बाक सोडवून पुन्हा उठले. पण गणित त्यांना येत होतं. "दुसरा अपूर्णांक उलटा करायचा आणि गुणायचं. उत्तर सहा."

"बरोबर. उलटा का करायचा?"

"तसंच असतं."

"ते झालं. पण का?"

साहेबांनी फळ्याकडे पाहिलं. चाळीस वर्षं ते अपूर्णांक उलटे करत आले होते. का, हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं, आणि त्यांनीही कोणाला विचारलं नव्हतं. सदतीस पोरं मागे वळून बघत होती. साहेबांच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

"गृहपाठ," बाई म्हणाल्या. "का ते स्वतःच्या शब्दांत लिहून आणा. सगळ्यांनी."

बुधवारी साहेबांनी वही दिली. तीत एकच ओळ होती : 'प्रचलित नियमांस अनुसरून सदर अपूर्णांक उलटा करण्यात येतो.' बाईंनी लाल पेनाने खाली लिहिलं, 'उद्या पालकांना घेऊन या.' हा नियमही त्या परिपत्रकातलाच होता, कलम चौथं.

घरी त्यांनी बायकोला विचारलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. "मी कशी येऊ? मी तुमची पालक थोडीच आहे? तुमच्या पालक त्या आत बसल्यात."

आई ऐंशीच्या पुढे गेलेली, पण शाळेत बोलावलंय म्हटल्यावर तिने ठेवणीतली साडी काढली. गुरुवारी ती काठी टेकत वर्गात आली आणि बाईंसमोर खुर्चीवर बसली. साहेब बाजूला हात मागे बांधून उभे राहिले. तसं उभं राहा म्हणून त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

"मुलगा तसा हुशार आहे," बाई म्हणाल्या, "पण न समजता पुढे जातो."

"लहानपणापासून तसाच गं बाई," आई म्हणाली. "पाढे घडाघडा म्हणायचा. सात आठे छप्पन. मी म्हटलं, छप्पन कशाचे रे? तर रडायला लागायचा."

"आई!" साहेब म्हणाले.

"तू गप. मोठी माणसं बोलतायत."

वर्गात कोणी हसलं नाही. ही वेळ प्रत्येकावर येऊन गेली होती. साहेब जागेवर परतले तेव्हा खोडरबरने बाकावरची रेघ खोडली आणि दोन बोटं स्वतःच्या बाजूला सरकवून पुन्हा ओढली.

शुक्रवारी गटात काम होतं. साहेबांच्या गटात खोडरबर आणि आणखी दोघं. कागदाच्या पट्ट्या आणि कात्री. "एका अख्ख्या मीटरमधून अष्टमांशाचे तुकडे किती निघतील?" खोडरबरने विचारलं.

"आठ," साहेब म्हणाले.

"मग पाऊण मीटरमधून आठाचे पाऊण. म्हणजे आठाला पाऊणने गुणलं ना, काका? हा आठ म्हणजेच तुमचा उलटा झालेला अष्टमांश."

साहेबांनी पट्टी कापली. तुकडे मोजले. सहा. दुसरी पट्टी घेतली, पाव मीटरचे तुकडे केले. तिसरी घेतली. घंटा झाली, गट उठला, तरी साहेब कापतच होते. शिपाई झाडायला आला तेव्हा त्यांच्या पायांशी कागदाचा ढीग होता. "अहो, हे बघा," त्यांनी शिपायाला हाताला धरून बसवलं. "एकात किती बसतात ते आधी बघायचं!" शिपायाला उशीर होत होता. पण शेवटी त्याच्याही डोक्यात प्रकाश पडला आणि तो झाडू तिथेच ठेवून एक पट्टी मागू लागला.

शनिवारी वीस गुणांची चाचणी. गणितात साहेबांना दहापैकी दहा. निबंध होता 'माझा आवडता खेळ'. त्यात त्यांनी 'सदर खेळ', 'उपरोक्त चेंडू' आणि 'खेळाडूंकडून पळण्याची कार्यवाही' असं काय काय लिहिलं होतं. दहापैकी तीन. खोडरबरला एकूण अठरा. तिने त्यांचा पेपर पाहिला. "निबंधात एवढं काय कठीण होतं?" तिने विचारलं. "तुम्ही कधी खेळलाच नाहीत का?"

सोमवारी साहेब कार्यालयात वरिष्ठांपुढे उभे होते. वरिष्ठांनी अहवाल चाळला, बरा आहे म्हणाले, आणि बाजूला ठेवला. "आता पुढच्या आठवड्यात सातवीचा वर्ग बघून या."

"सातवीत कसा जाऊ? सहावीचं अर्धं वर्ष बाकी आहे."

वरिष्ठांनी चष्मा काढला. साहेबांनी खिशातून अर्ज काढून टेबलावर ठेवला. पाच महिन्यांची अध्ययन रजा हवी होती.

"डोकं ठिकाणावर आहे ना? ही रजा उच्च शिक्षणासाठी मिळते."

"हो," साहेब म्हणाले. "हे उच्च प्राथमिक आहे."

वरिष्ठांनी नियमांचं पुस्तक मागवलं. अर्धा तास ते पानं उलटत होते. मग दुसरं पुस्तक मागवलं. दोन्हींत 'उच्च' शब्दाला कुठेही खालची मर्यादा घातलेली नव्हती. शेवटी त्यांनी कपाळाला हात लावला, अर्जावर सही केली, आणि साहेब दाराशी पोचले तेव्हा मागून हळूच विचारलं, "त्या वर्गात अजून जागा आहे का हो?"