चौथीतल्या पोरीचा बेलभंडार

शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष मी आहे, हे गावात दोघांनाच पक्कं ठाऊक होतं. एक सही घेणारे साहेबराव गुरुजी आणि दुसरी सही करणारी मी. बाकीच्यांच्या लेखी अध्यक्ष म्हणजे माझा नवरा दयानंद. बैठकीत खुर्ची त्याची, मत त्याचं. बाई पाहिजे म्हणून माझं नाव घातलं होतं, आणि रोज घरात कोण भांडणार म्हणून मीही गप होते.

शनिवारी सकाळी माझ्या पोराला, शिवमला, शाळेत सोडायला गेले तर चौथीतली बबिता नळापाशी माझी वाट बघत उभी. तिचे आईबाप ऊसतोडीला गेलेले, ती आजीपाशी राहते. आजी, नागाबाई, शाळेतच खिचडी शिजवते.

"काकू, गुरुजीला सांगा की," ती म्हणाली, "मला कोठीत पाठवू नका म्हणून."

कोठी म्हणजे खिचडीच्या तांदळाची खोली. किल्ली रामलिंगअप्पांकडे. अप्पा ग्रामपंचायतीचे सदस्य, म्हणून आमच्या समितीतही. शाळेला पाणी त्यांच्याच बोअरचं. तांदूळ मापताना पिशवी धरायला ते एखाद्या लेकराला बोलावतात, हे सगळ्यांनी पाहिलेलं. ते लेकरू नेहमी बबिताच असतं आणि दार आतून लागतं, हे कुणी पाहिलं नव्हतं. पुढं तिनं जे सांगितलं ते मी इथं लिहिणार नाही. ती पायाकडं बघत बोलत होती आणि मधेच थांबून कुणी येतंय का बघत होती.

मी गुरुजींना सांगितलं. ते वर कळवतील असं मला वाटलं. त्यांनी कळवलं खरं, पण रामलिंगअप्पांना.

घटकाभरात बैठक भरली. अप्पा आले, राम राम करून बसले. चेहऱ्यावर सुरकुती हलली नाही.

"लेकराच्या तोंडात कुणीतरी घातलंय हे," ते म्हणाले. "मी कशाला भिऊ? बेलभंडार उचलतो. पोरीनंबी उचलावा."

सगळ्यांना एकदम मोकळं वाटलं. बांध कुणाचा, शेळी कुणी नेली, सगळं आमच्याकडं महादेवाच्या देवळात बेलभंडार उचलूनच मिटतं. खोटी शपथ घेतली तर घरादाराचं वाटोळं होतं, हे लहानपणापासून ऐकलेलं.

"बराबर हाय," दयानंद म्हणाला. "शाळा सुटली की देवळात या समदे. गावातलं गावात मिटंल."

"पोरगी चौथीत हाय," मी म्हणाले. "ती त्यांच्यापुढं उभी राहून काय उचलंल?"

"खरं असंल तर उचलंल की," गुरुजी म्हणाले.

माझं डोकं तापलं. गुरुजींनी दहा-वीस वर्षं लेकरं शिकवली, पण लेकरू म्हणजे काय हे त्यांना कळलं नव्हतं. आईबाप दूर उसाच्या फडावर, आणि तू खोटी निघालीस तर ते मरतील असं ऐकून आलेली पोर. भंडाऱ्याला हात लावताना ती थरथरणारच. ती थरथरली की पोरगी खोटी, असं गाव म्हणणार. मग कोठीची किल्ली कायमची अप्पांकडं आणि बबिता कायमची खोटारडी.

घरी मी फोन हातात घेऊन उभी राहिले. लातूरला एकदा समितीचं प्रशिक्षण झालं होतं. दयानंदला एका लग्नाला जायचं होतं म्हणून मी गेले होते. तिथल्या मॅडम म्हणाल्या होत्या, असलं काही कानावर आलं तर खरं-खोटं ठरवणं तुमचं काम नाही, कळवणं तुमचं काम. लेकरांच्या मदतीचा नंबर तर शाळेच्या भिंतीवरच रंगवलाय, दहा नऊ आठ.

दयानंद दारात आला. "फोन लावलास तर ह्या घरात पाय ठेवायचा न्हाई," तो म्हणाला. आरडाओरडा केला नाही, साध्या आवाजात म्हणाला, म्हणून मला जास्त भीती वाटली. शिवम शाळेतून येऊन आत डबा उघडत होता. मी फोन खाली ठेवला आणि देवळाकडं निघाले. पण निघताना तो उचलून पदराखाली घेतला.

देवळात माणसं जमली होती. बबिताला नागाबाईनं न्हाऊ घालून आणलं होतं, शपथेला सोवळं पाहिजे म्हणून. ओल्या केसांचं पाणी पाठीवरून झग्यात उतरत होतं. नागाबाई माझ्याकडं बघत नव्हती. वर्षभर तिला रोजगार अप्पांच्याच रानात मिळतो.

पुजाऱ्यानं बेलाचं पान आणि भंडारा ताटात ठेवला. अप्पांनी बाह्या सारल्या, ताटाकडं हात नेला. हात जराही कापला नाही. बबिताचा मात्र खालचा ओठ आत्ताच कापायला लागला होता.

मी फोन लावला. पलीकडून बाईचा आवाज आला तशी मी मोठ्यानं म्हणाले, "मी शाळेच्या समितीची अध्यक्ष बोलते. आमच्या शाळेतल्या एका लेकराला धोका हाय. आमच्यातलाच माणूस हाय."

अप्पांचा हात ताटावर तसाच राहिला.

"उज्वला, ठेव तो फोन," ते म्हणाले. आवाज घोगरा झाला होता. "ठेव माय. किल्ली देतो, समिती सोडतो. गाव सोडून जातो म्हन. फोन तेवढा ठेव."

देवापुढं हात न कापणारा माणूस फोनपुढं कापत होता, आणि ते सगळ्यांनी पाहिलं. गुरुजी खाली बघू लागले. दयानंद मात्र वळला आणि चपला घालून चालायला लागला.

"मुलगी आत्ता कुठं आहे?" फोनवरच्या बाईनं विचारलं. सकाळपासून हे कुणीच विचारलं नव्हतं, मीसुद्धा.

"माझ्यापाशी," मी म्हणाले आणि बबिताचा हात धरला. बर्फासारखा होता. बाई म्हणाल्या, पोलीस आणि आमची माणसं निघतात, तिला एकटी सोडू नका, त्या माणसाजवळ जाऊ देऊ नका.

माणसं एकेक करून पांगली. अप्पांना त्यांच्या पुतण्यानं दंडाला धरून नेलं. देवळाच्या पायरीवर आम्ही दोघीच उरलो.

"काकू, आता मला उचलावं लागंल का?" तिनं विचारलं.

"न्हाई."

"मग घरी जाऊ?"

तिच्या घराचा रस्ता अप्पांच्या दारावरून जातो. माझ्या घराचं दार मला उघडं मिळेल का, हे मलाच ठाऊक नव्हतं. शिवम त्या दाराच्या आत होता.

"गाडी येईपर्यंत इथंच बसू," मी म्हणाले.

ती सरकून माझ्या मांडीला टेकली. मी पदरानं तिचे केस पुसायला लागले. तेवढ्यात नागाबाई परत आली. पोरीच्या दुसऱ्या बाजूला बसली, गावाकडं तोंड करून.