लंडनचं आडनाव

राधा पाळण्यात होती ते सत्तावन साल. घरची मंडळी नागपूरहून बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आल्याला अजून वर्ष झालं नव्हतं. तिचा बाप बाबुराव घोडपदेवला राहायचा आणि गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवायचा. संयुक्त महाराष्ट्राच्या हरताळात त्याने गिरणीच्या फाटकावरचा दिवा दगडाने फोडला आणि साहेबाने त्याला घरी बसवलं. परत यायचं तर माफीनाम्यावर सही कर, म्हणाला. माफीनामा इंग्रजीत. बाबुरावाला अक्षरं आणि सही येऊ लागून तीन महिने झाले होते, तोवर अंगठाच. आपली सही कशाखाली जाते ते तरी कळावं, म्हणून तो रविवारी कागद घेऊन गिरगावात अप्पांकडे गेला. अप्पा गिरणीचे हेडक्लार्क. कागद त्यांनीच टाईप केला होता.

अप्पांच्या बायकोने, आनंदीबाईंनी, चहा केला, पण याला कुठल्या कपात द्यावा हे ठरेपर्यंत तो निवला.

"यात लिहिलंय, मी हुलिगनासारखा वागलो," अप्पा म्हणाले.

"ही शिवी काय?"

"शिवीच. मवाली, गुंड, तसलं."

"मग सरळ मवाली लिहायचं की."

"साहेबाला मवाली कुठून येणार?"

शब्दांची कुळी काढायचा अप्पांना भारी नाद. त्यांनी जाडा कोश मांडीवर घेतला. "नक्की कुणालाच ठाऊक नाही बघ. पण म्हणतात, लंडनात हुलिगन नावाचं एक आयरिश बिऱ्हाड होतं. प्यायचं आणि मारामाऱ्या करायचं. पेपरवाल्यांनी नाव उचललं आणि सगळ्या दंगेखोरांना लावलं."

"म्हणजे आडनाव आहे हे. त्या घरात एकही भलं माणूस नव्हतं? एखादी म्हातारी?"

"असेल रे. कोशात म्हातारी नाही."

बाबुरावाने गार चहा संपवला. "अप्पा, गावाने चिकटवलेलं एक नाव आत्ताच उतरवून आलोय. लगेच लंडनचं घेऊ? बायको सुंदराबाई मला घरात घ्यायची नाही."

"सही नाही केलीस तर नोकरी गेली."

"करतो की. तेवढा शब्द खोडा."

अप्पांनी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं, परत काढलं. मग पेन बाबुरावाच्या हातात दिलं. "तूच खोड. मी तिकडे बघतो."

बाबुरावाने शब्द खोडला, वर मराठीत 'दिवा फोडला' असं लिहिलं आणि सावकाश सही केली.

साहेबाने कागद फाडला. खाडाखोड कुणी केली, असं विचारल्यावर अप्पा म्हणाले, मी पाहिलं नाही. बाबुरावाची नोकरी गेली ती गेलीच. पुढे तो माहीमला लाकडाच्या वखारीत लागला.

अप्पा एकसष्टच्या जूनमध्ये वारले. बाबुराव अडुसष्टच्या फेब्रुवारीत, वखारीतच.