गोड्या पाण्याचा गाळ

लातूरला औसा रोडच्या पल्याड ज्या कॉलनीत शिवलिंगने घर बांधलं, तिथल्या नळाच्या पाण्याची पंचफुलाबाईला, म्हणजे त्याच्या आईला, पहिल्या दिवसापासून किळस होती. शहराची पाइपलाइन तिथवर आली नव्हती. कॉलनीच्या बोअरचं पाणी टाकीत चढायचं आणि तेच घरोघरी नळाला यायचं. दिसायला नितळ. पण चहा केला की वर तेलकट पापुद्रा धरायचा, बोटाने बाजूला करावा तर बोटालाच चिकटायचा. नवी बादली महिन्याभरात आतून पांढरी, खरखरीत, खरूज झाल्यासारखी. अंगाला साबण लावला तर फेस येत नसे, नुसता बुळबुळीत थर बसे, आणि कितीही पाणी ओता, तो निघत नसे. केस विंचरताना काथ्या सोडवत बसल्यासारखं वाटे. तूरडाळीला कुकरच्या सात शिट्या दिल्या तरी दाणा न् दाणा वेगळा. वरण म्हणून ताटात वर पिवळं पाणी आणि तळाशी कडक डाळ. ते ताट पुढे आलं की पंचफुलाबाई तोंड फिरवायची.

"हे पाणी न्हाई, चुना हाय," ती सुनेला म्हणायची. "भिंतीला मारा."

सिंधु हसायची. तिलाही ते वरण आवडत नव्हतं, पण ती करणार काय?

पंचफुलाबाईचं स्वतःचं पाणी वेगळं होतं. दर सोमवारी तिच्या दिराचा मुलगा व्यंकट जीपमधून लातूरला भाजीपाला आणायचा आणि येताना गावच्या विहिरीच्या पाण्याचा एक मोठा कॅन तिच्या दारात उतरवायचा. गाव किल्लारीच्या अंगाला. भूकंपानंतर ते उठून नव्या जागी गेलं, जुन्या जागेवर बाभळी माजल्या, पण शिवेवरच्या शेतातली यांची विहीर जशीच्या तशी राहिली. त्या सकाळी मातीतून जो कुणी जिवंत निघाला, त्याच्या तोंडात पहिलं पाणी या विहिरीचं पडलं होतं. शिवलिंग तेव्हा आठ वर्षांचा होता. त्याच्या तोंडातली माती तिने बोट घालून काढली होती आणि याच पाण्याने चुळा भरवल्या होत्या. हे ती कुणाला सांगत बसत नसे. फक्त पाच वर्षांच्या गोलूला, नातवाला, ती नळाचं पाणी पिऊ देत नसे. त्याचा तांब्या वेगळा, त्यात कॅनचंच पाणी.

गेल्या उन्हाळ्यात शिवलिंगला मुतखडा झाला. तीन दिवस तो गुडघे पोटाशी घेऊन ओरडत होता. डॉक्टर म्हणाले, पाणी बदला. तेव्हापासून त्याच्या डोक्यात पाण्याची भीती बसली, आणि एका रविवारी त्याने पाणी शुद्ध करायच्या मशीनच्या माणसाला घरी बोलावलं.

माणूस चाळिशीचा होता. टाय लावलेला, पायमोजा अंगठ्यापाशी फाटलेला. समोरच्या घरातली राजकन्या, कॉलनीतलं काही घडलं की जिला आधी कळायचं, ती पदर खोचून येऊन बसली होतीच.

"आधी डोळ्यांनी बघा, मग बोला," असं म्हणत त्याने टीपॉयवर काचेचे दोन ग्लास मांडले. एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याने मशीनमधून गाळून आणलेलं, बाटलीतलं. मग पिशवीतून एक डबी काढली. तिच्या खाली लोखंडी सळया होत्या, पेन्सिलीएवढ्या. त्या दोन्ही ग्लासांत बुडवून त्याने वायर बोर्डात खुपसली.

बाटलीतलं पाणी होतं तसंच राहिलं. नळाच्या पाण्यात मात्र सळयांभोवती बुडबुडे सुटले, मग पिवळट धूर उतरावा तसं काहीतरी उतरलं आणि बघता बघता सगळा ग्लास तांबडा, मग हिरवट-काळा झाला. वर फेस आला. फेसात चिंध्यांसारखे गोळे तरंगायला लागले.

"शी शी शी!" राजकन्याने नाकाला पदर लावला. "गटार हाय की हे! आम्ही गटार पिऊन राहिलो होय?"

"मी तर पहिल्यापासून सांगते," पंचफुलाबाई म्हणाली. तिला बरंच वाटलं.

"घरात आणखी कुठलं पाणी वापरता का?" माणसाने विचारलं.

सिंधुने सासूच्या कॅनकडे पाहिलं. "आत्याचं हाय. विहिरीचं."

"ते कशाला?" पंचफुलाबाई म्हणाली. पण तोवर सिंधुने ग्लास भरून आणला होता.

सळया बुडाल्या. विहिरीचं पाणी थोडा वेळ थांबलं. मग तेही पिवळं झालं, तांबडं झालं, आणि तसेच केसाळ गोळे वर आले, फुगलेले, एकमेकांना चिकटणारे. पंचफुलाबाईने नजर काढायचा प्रयत्न केला, पण नजर तिथेच जाऊन चिकटत होती.

"आजी, हे सगळं लेकराच्या किडनीत बसतं," माणूस हळू आवाजात म्हणाला.

"मावशी, नातवाला हे पाजून राहिल्या तुम्ही?" राजकन्या म्हणाली.

गोलू आईच्या मागे उभा राहून ग्लासाकडे बघत होता. शिवलिंगचा चेहरा उतरला होता. तो आईकडे न बघता म्हणाला, "माय, व्यंकटला फोन कर. उद्यापासून कॅन आणू नको म्हण."

"काय बोलून राहिला तू?"

"डोळ्यांनी दिसून राहिलं की. अजून काय पाहिजे?"

माणूस सळया फडक्याने पुसत होता. फडकं नारिंगी झालं. वास आला. हा वास पंचफुलाबाईच्या ओळखीचा होता. पन्नास वर्षं चूल केलेल्या बाईला तो कळणार नाही तर कुणाला? मिठाचं पाणी लोखंडी तव्यात रात्रभर राहिलं की सकाळी तव्याला येतो तो वास.

ती उठली आणि माणसाच्या बाटलीतलं पाणी तळहातावर घेऊन चाखलं.

"याला चवच न्हाई," ती म्हणाली. "यात काहीच न्हाई."

"त्यालाच शुद्ध म्हणतात, आजी."

"हाव का? सिंधु, मीठ आण."

माणसाने मान वर केली. "आजी, अशी टेस्ट नसते."

"का नसते? मीठ घाण असतं का? रोज खातो आपण."

"खरंच की," राजकन्या पुढे सरकली. तिला तमाशा हवा होता, कुणाचा का असेना. "टाका हो मावशी!"

पंचफुलाबाईने बाटलीतल्या पाण्याच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाकलं, बोटाने ढवळलं, आणि सळया त्यात बुडवून बटण स्वतःच दाबलं. नळाच्या आणि विहिरीच्या पाण्याला जेवढा वेळ लागला त्याच्या निम्म्यात ते शुद्ध पाणी हिरवं झालं, काळं झालं, आणि फेस काठावरून टीपॉयवर सांडला.

"ह्या तुझ्या सळया विरघळून राहिल्यात," ती म्हणाली. "गंज हाय हा. माझ्या विहिरीत गंज न्हाई. लोकांच्या घरात येऊन लोकांच्या पाण्यात गंज कालवतो, अन् वरून लेकराच्या किडनीचं नाव घेतो? लाज कशी वाटत न्हाई रे तुला?"

"कंपनी देते तसं दाखवतो आम्ही," माणूस पुटपुटला आणि वायर गुंडाळायला लागला.

राजकन्या हसत हसत सगळ्या कॉलनीला सांगायला निघून गेली. शिवलिंगने माणसाला फाटकापर्यंत सोडलं आणि परत येऊन दारातच उभा राहिला. "नळाला मशीन बसवावंच लागेल, माय. दुसऱ्या कुणाकडून बसवू. पण कॅन येऊ दे तुझा."

सिंधुने तिन्ही ग्लास मोरीत ओतले. गोळे जाळीवर अडकून राहिले, ते तिने नाक मुरडत काडीने ढकलले. ग्लास तीनदा घासले, तरी शेवटी कचऱ्यातच टाकले.

दुपारी जेवायला बसल्यावर पंचफुलाबाईने तांब्या तोंडाला लावला आणि तसाच खाली ठेवला. पाणी नितळ होतं. तिला माहीत होतं, नितळच आहे, कालही होतं. पण ओठाला काठ लागला की ते केसाळ गोळे डोळ्यांपुढे फुगून यायचे. तिने पाण्याशिवायच जेवण उरकलं. त्या टायवाल्याला हरवलं होतं तिने, सगळ्यांदेखत हरवलं होतं. पण जाताना तो तिच्या विहिरीत थुंकून गेला होता, आणि ती थुंकी काढायला तिच्याजवळ काही नव्हतं.

सोमवारी व्यंकटने नवा कॅन उतरवला. "काय काकू, लई गाजलीस म्हणं," तो म्हणाला. "गावात सांगतो आता." तो गेला. सिंधुने गोलूचा तांब्या भरून त्याच्यापुढे धरला. गोलूने दोन्ही हात पाठीमागे नेले.

"ते घाण हाय."

"घाण न्हाई रे. बघितलं न्हाई का तू? मशीनवाला खोटा होता."

"त्याच्यात गोळे हायत."

सिंधुने सासूकडे पाहिलं. आता काय करायचं, असं ते बघणं होतं. आज प्यायला नाही तर हे पोर पुन्हा कधी या पाण्याला तोंड लावणार नाही, हे दोघींनाही कळत होतं.

पंचफुलाबाईने तांब्या तिच्या हातातून घेतला. गोलूसमोर जमिनीवर बसली. डोळे मिटले नाहीत, कारण तो तिच्याकडेच बघत होता. एक घोट घेतला. तो एरंडेलासारखा खाली गेला. दुसरा घेतला. तिसऱ्यालाही तिने चेहरा हलू दिला नाही.

"गोड हाय का?" गोलूने विचारलं.

चौथा घोट तिच्या तोंडातच होता. तिने मान डोलावली आणि तांब्या त्याच्यापुढे केला. गोलूने आत वाकून बघितलं, वास घेतला, पुन्हा आजीच्या तोंडाकडे बघितलं, आणि मग घटाघटा पिऊन टाकलं. खाली सांडलेलं त्याने बनियनने पुसलं आणि खेळायला पळाला.

पंचफुलाबाई उठली, भिंतीला धरत मोरीवर गेली आणि तोंडातला घोट थुंकून टाकला. फरशीवर पडलेलं ते पाणी अगदी स्वच्छ होतं. तिने ते पायाने जाळीकडे लोटलं.