विहंग घाबरत नाही

१९९७ सालच्या उन्हाळ्यात, बडोद्याला समा भागातल्या आमच्या घरी, मी बारा मिनिटांची थरारक फिल्म काढत होतो. पावणेबारा मिनिटं झाली होती. उरलेल्या पंधरा सेकंदांत खुर्चीला बांधलेल्या विहंगने तलवार बघून घाबरायचं, एवढंच. टेप आज स्पर्धेला गेली नाही, तर सोमवारपासून मी छाणीला मामांच्या कारखान्यात बोल्ट घासणार, असं पप्पांशी ठरलं होतं.

विहंगच्या घरात तीन पिढ्या मास्तर. तलवारीकडे तो तपासायला आलेल्या पेपराकडे बघावं तसा बघायचा.

"घाबर ना रे!"

"घाबरलोय. आतून."

"आत कॅमेरा जात नाही," गोविंद म्हणाला. गोविंद लग्नांचे व्हिडिओ काढायचा. पाच वाजता त्याला वासण्याला वरात होती, आणि साडेचार झाले होते.

शेवटी मी पुठ्ठ्याची तलवार फेकली आणि देव्हाऱ्याशेजारची खरी उपसली. पणजोबांची, संस्थानच्या फौजेतली. तेवढ्यात आबा, म्हणजे माझे आजोबा सुभानराव, दुपारची झोप मोडून आले.

"कोणी उपसली?"

"मी. पिक्चरसाठी."

"म्यानातून निघाली की ती कोरडी परत जात नाही."

दसऱ्याला आबा तिला अंगठ्याचा थेंब देतात, हे मला माहीत होतं. मला वाटायचं तो नियम दसऱ्याचा आहे. तो तलवारीचा निघाला.

"मग माझा अंगठा घ्या, आबा."

"तुझा कसा? ज्याच्यावर उपसली, त्याचा."

आबा विहंगकडे निघाले. काय सांगू! त्याचे डोळे घाबरले, ओठ घाबरले, कानसुद्धा घाबरले. असा ओरडला की शेजारच्या उर्मिलाबेन खिडकीशी आल्या, "शुं थयुं, भाई?" थेंब निघाला. विहंग अंगठ्याला हळद लावून, पुन्हा या घरात पाय ठेवणार नाही म्हणत निघून गेला.

मी खुशीत टेप मागे फिरवली. टेपवर आबा. पूर्ण दोन मिनिटं फक्त आबा.

"घरातलं मोठं माणूस आलं की कॅमेरा त्यांच्यावर," गोविंद म्हणाला. "नाहीतर मागून भांडणं होतात."

पाचला दहा कमी. मला भिंतीवर बोल्ट दिसायला लागले.

"मला बांधा," मी म्हणालो. "आणि गोविंद, देव आला तरी कॅमेरा माझ्यावर."

"अरे, पण चेहरा बदलेल."

"भीतीने बदलला म्हणू."

माझ्या बहिणीने, भक्तीने, मला करकचून बांधलं. उर्मिलाबेन परत येऊ नयेत म्हणून तोंडात रुमालही कोंबला. आबांनी तलवार पुन्हा उपसली.

"एका दिवसात दोनदा निघाली, की थेंबावर भागत नाही," ते म्हणाले.

हा संवाद मी लिहिलेला नव्हता. आबा जवळ आले, अजून जवळ आले. गोविंदचा कॅमेरा तसूभर हलला नाही. 'कट' फक्त मीच म्हणायचं, हा नियम सकाळी मीच केला होता, आणि घरातले सगळे तो शिस्तीत पाळत होते.